जुनी इकोस्पोर्ट घेऊ का? सगळे प्रश्न गाडीचे, एकही गल्ल्याचा नाही



मागच्या महिन्यात कराडच्या माझ्या दुकानात आपल्याच बॅचचा एक मुलगा आला. तासगावकडचा आहे, घरगुती मसाले आणि चटण्या करून दुकानांना पुरवतो. माझं दुकान ऑटो पार्ट्स आणि बॅटरीचं, त्यामुळे लोक गाडी घेण्याआधी एकदा डोकावतातच. त्याने मोबाईल पुढे केला. पांढरी फोर्ड इकोस्पोर्ट, २०१५ ची, डिझेल, टायटॅनियम. म्हणाला, "सर, सव्वातीन सांगतोय, तीनला देईल. घेऊ का?"

मी त्याला चहा सांगितला आणि म्हटलं, तुझे प्रश्न विचार. वीस मिनिटांत त्याने आठ-नऊ प्रश्न विचारले. सगळे चांगले होते, घरी वहीत लिहून आणले होते. हेच प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. कोणी इकोस्पोर्टबद्दल विचारतं, कोणी डस्टरबद्दल, कोणी ब्रेझाबद्दल. म्हणून आज इकोस्पोर्ट धरूनच उत्तरं देतो, कारण ही गाडी मी स्वतः घेतली आणि वापरली आहे. पण त्याच्या वहीत एक प्रश्न नव्हता. तो माझ्याही वहीत नव्हता, आणि त्याचे पैसे मी भरले. तो शेवटी सांगतो. आधी गाडीचं बघू.

"कंपनीच गेली ना सर, मग पार्ट्स कुठून मिळणार?" हा कायम पहिला प्रश्न असतो.

फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं ९ सप्टेंबर २०२१ ला जाहीर केलं. त्याच वेळी सर्व्हिस आणि पार्ट्स चालू राहतील असंही सांगितलं होतं. पुढे साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. चेन्नईचा प्लांट निर्यातीसाठी पुन्हा वापरायची तयारी कंपनीने २०२४ मध्ये दाखवली. म्हणून इथे परत इकोस्पोर्ट मिळेल, असं मात्र समजू नका. कामाची गोष्ट मी माझ्या रॅकवरून सांगतो. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, क्लच प्लेट हा चालू माल आहे. कंपनीचा नाही मिळाला तर चांगल्या दुसऱ्या ब्रँडचा मिळतो. २०१३ ते २०२१ अशी आठ वर्षं ही गाडी भरपूर विकली गेली. रस्त्यावर गाड्या आहेत तोवर पार्ट्स बनवणारे आणि विकणारे आम्हीही आहोत, कारण आमचं पोट त्यावर आहे.

अडचण येते ती बंपर, दिवे, आरसे, दरवाजाचे पत्रे आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांत. तिथे थांबावं लागतं. गाडी ठोकली आणि दिवा मागवायला दोन-तीन आठवडे गेले, तर तुमचं काम तितके दिवस अडेल. घरच्या वापराला ते चालून जातं. पण रोज सकाळी याच गाडीने माल पोचवायचा असेल तर हा प्रश्न पार्टच्या किमतीचा उरत नाही. गाडी उभी राहिली त्या दिवशी धंद्याचं काय, हे बघायला लागतं.

आणि एक गोष्ट बघा. कंपनी गेली म्हणूनच ही गाडी त्याच वयाच्या ब्रेझापेक्षा स्वस्त मिळते. घेताना हा तुमचा फायदा, विकताना हाच तोटा. म्हणून माझं मत सरळ आहे. चार-पाच वर्षं वापरून संपवायची असेल तर इकोस्पोर्ट घ्या. दोन वर्षांत विकून मोठी घेऊ असा विचार असेल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

"ॲव्हरेज किती देते?"

कंपनीचा दावा डिझेलला लिटरमागे २२-२३ किलोमीटरचा होता, १.५ पेट्रोलला १६-१७ चा. माझी डिझेल हायवेला १७-१८ देते, बाजारात १४. पेट्रोलवाले गिऱ्हाईक मला ११-१२ सांगतात. पण हा आकडा एकटा काही कामाचा नाही. तुम्ही महिन्याला किती फिरता ते आधी सांगा. महिन्याला १,००० किलोमीटर असतील, तर डिझेल १७ च्या हिशोबाने आणि ९१ रुपये दराने साधारण ५,३५० रुपये लागतात. पेट्रोल १२ च्या हिशोबाने आणि १०४ रुपये दराने साधारण ८,७०० लागतात. वर्षाला चाळीस हजारांचा फरक पडतो, डिझेल घ्या. पण महिन्याला ३०० किलोमीटरच असतील तर महिन्याला हजार रुपयेच वाचतात, आणि जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा काम काढून बसले की दोन-तीन वर्षांची ती बचत एका बिलात जाते. २०२० नंतरची बीएस-६ डिझेल बघत असाल तर आणखी एक सांगतो. त्यात धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. गाडी फक्त गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवली तर तो चोंदतो. गल्लीतल्या वापराला डिझेल घेऊ नका, ती इकोस्पोर्ट असो नाहीतर आणखी कुठली.

"कुठलं इंजिन घेऊ?" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं म्हणजे सगळ्यांनी विचारायला पाहिजे. नाव एकच असलं तरी आत चार वेगळ्या गाड्या आहेत.

१.५ डिझेल, जुनं चार सिलिंडरचं १.५ पेट्रोल, नोव्हेंबर २०१७ च्या फेसलिफ्टनंतर आलेलं तीन सिलिंडरचं १.५ पेट्रोल, आणि छोटं १.० इकोबूस्ट टर्बो. यातल्या तीन सिलिंडरच्या दोन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला चालतो. त्याला ठरलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. मागच्या मालकाने "कुठलंही चालतंय" म्हणून स्वस्त ऑइल टाकलं असेल तर बेल्ट झिजतो, त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनापर्यंत काम जातं. म्हणून या दोन इंजिनांना सर्व्हिसची बिलं नसतील तर मी सरळ नाही म्हणतो. डिझेलला आणि जुन्या पेट्रोललाही बेल्टच आहे, फक्त कोरडा. बेल्ट बदलायची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हीत दिलेली असते. मालक म्हणतो, "साठ हजारच चाललीय, बेल्टला अजून वेळ आहे." अहो, पण गाडी अकरा वर्षांची आहे. रबराला किलोमीटर कळत नाहीत.

ऑटोमॅटिक बघत असाल तर वर्ष नीट बघा. २०१७ च्या आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला पॉवरशिफ्ट नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. नंतरच्यात साधा टॉर्क कन्व्हर्टर आला. ऑस्ट्रेलियात पॉवरशिफ्टच्या तक्रारी कशा हाताळल्या यावरून २०१८ मध्ये कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता, आणि त्या गाड्यांत इकोस्पोर्टही होती. इथली प्रत्येक गाडी खराब असेल असं नाही. पण आमच्या भागात तो गिअरबॉक्स उघडणारा मेस्त्री शोधायला पुण्याला जावं लागत असेल, तर एवढी हौस कशाला?

एअरबॅगचंही व्हेरियंटवर आहे. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात वरच्या टायटॅनियम ऑप्शनलला सहा होत्या आणि सगळ्यात खालच्या अँबिएंटला एकही नव्हती. आरसीवरचं नाव वाचा, मागच्या दारावर चिकटवलेलं नाही. तो बिल्ला माझ्या दुकानातसुद्धा मिळतो.

"किलोमीटर खरे आहेत का?" मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही, त्यामुळे मीटरवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा, स्टिअरिंगची चकाकी बघा. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर म्हणणाऱ्या आठ वर्षांच्या गाडीला टायरचा तिसरा सेट कसा काय? सगळ्यात भरवशाचं म्हणजे सर्व्हिस सेंटरची जुनी बिलं, त्यावर त्या दिवसाचं रीडिंग छापलेलं असतं. मालक बिलं दाखवायला तयार नसेल तर किंमत पाडत बसू नका, उठून या.

आपल्या भागासाठी एक जास्तीचा प्रश्न आहे, आणि तो बाहेरचे लोक विचारत नाहीत. गाडी पुरात होती का? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि पुन्हा आपला भाग. एमएच-०८, एमएच-०९, एमएच-१० ची गाडी असेल तर त्या दोन महिन्यांत ती कुठे उभी होती हे तोंडावर विचारा. विचारायला लाजू नका. इकोस्पोर्टची जाहिरात ५५० मिलिमीटर पाण्यातून चालते अशी होती, आणि लोक तेच सांगतात. पाण्यातून चालत जाणं वेगळं आणि छपरापर्यंत पाण्यात दोन दिवस उभं राहणं वेगळं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांना गंज, कार्पेटच्या खाली वास, डॅशबोर्डच्या आत हात घातला की बोटाला बारीक गाळ. जॅक-पाना ठेवायची जागा उघडा. गाडी धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. इन्शुरन्स क्लेमची माहितीही मागून घ्या. पुराची गाडी सुरुवातीला झकास चालते. वायरिंगचे जोड नंतर गंजतात आणि मग काय बिघडलंय ते कोणालाच सापडत नाही.

दिल्लीच्या गाडीचं थोडक्यात सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, सुप्रीम कोर्टानेही ते २०१८ मध्ये कायम ठेवले. पुढे त्यात बदल होत गेले, पण तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायच्या थांबल्या नाहीत. स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, एजंटचे हेलपाटे हे सगळं धरून हिशोब करा. बऱ्याच वेळा कराडची गाडीच स्वस्त पडते.

कागदपत्रांत तीन गोष्टी. फॉर्म २९ आणि ३० वर सही होऊन गाडी लगेच नावावर झाली पाहिजे. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आणि इन्शुरन्स, तो चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. मालकाचा नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. तेव्हा "इन्शुरन्स पन्नास टक्के बोनसवर आहे" याचा तुम्हाला काही उपयोग नाही. विकणाऱ्यांनाही सांगतो. गाडी दिली आणि आरसी तुमच्या नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याने तुम्हीच मालक धरले जाता. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. "करतो ना शेठ सावकाश" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

आता थोडं आपल्या बॅचमधल्या ज्यांना जुन्या गाड्यांचाच धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी. वर लिहिलेले प्रश्न तुमचं गिऱ्हाईक विचारणारच आहे. मग ते विचारेपर्यंत वाट का बघता? एका कागदावर उत्तरं लिहून काचेला लावा. कितवा मालक, बेल्ट बदलला का, कुठे ठोकलेली आहे, कुठला पत्रा रंगवलाय, टायर कोणत्या सालचे. ज्याला दोष आधी सांगितला तो दोष धरून पाच हजार कमी करून मागतो आणि घेऊन जातो. ज्याला नंतर कळतो तो तुमच्याबद्दल अख्ख्या गावाला सांगतो. जीएसटीची भीती बाळगणारेही खूप आहेत. जानेवारी २०२५ पासून नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या गाडीवर १८ टक्के आहे, पण तो पूर्ण किमतीवर नाही, मार्जिनवर आहे. तीन लाखाला घेऊन साडेतीनला विकली तर कर पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार. माझ्याकडे आलेल्या एकाने तो त्रेसष्ट हजार धरून धंद्याचा विचारच सोडला होता.

आणि किमती ठरवताना २२ सप्टेंबर २०२५ विसरू नका. त्या दिवसापासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवीन छोट्या एसयूव्ही स्वस्त झाल्या. ज्याने त्याआधी माल उचलून ठेवला होता तो अजून जुन्या भावाला चिकटून बसलाय. घेणाऱ्याने हे त्याला शांतपणे आठवून द्यावं.

हे झाले वहीतले प्रश्न. आता राहिलेला एक.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी माझी इकोस्पोर्ट घेतली. डिझेल, दुसरा मालक, तीन लाख पंच्याऐंशी हजार. मेस्त्रींना घेऊन दोनदा बघितली, बिलं तपासली, पत्रे ठोकून बघितले. गाडी एक नंबर निघाली, आजही आहे. आणि मी छाती काढून सांगत होतो, "कर्ज नाही काढलं, रोख घेतली." आबा पण खूश. आमच्या घरात कर्ज म्हणजे रोग.

ते पैसे दुकानाच्या खात्यातले होते. गणपती गेले आणि दसरा तोंडावर आला. आमच्या लाईनला दसरा म्हणजे वर्षाचा हंगाम, लोक गाड्या सजवतात, सीट कव्हर, मॅट, हॉर्न, बॅटरी. दरवर्षी मी साधारण सहा लाखांचा माल रोखीने उचलायचो आणि घाऊकवाले शेठ चार टक्के सोडायचे. त्या वर्षी हातात दोन लाख होते. बाकीचा माल उधारीवर घेतला, सूट गेली. आणि उधारीवाल्याला शेठ आधी माल देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. चालणारी बॅटरीची मॉडेलं समोरच्या दुकानात होती, माझ्याकडे नव्हती. जुनं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून गेलं. दिवाळी झाल्यावर बायकोने आणि मी बसून हिशोब केला. सूट आणि गेलेली विक्री धरून नव्वद हजारांच्या आसपास नफा बुडाला होता. गाडीची चूक काही नव्हती.

बीबीएला फायनान्सचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. खेळतं भांडवल म्हणजे काय ते परीक्षेत लिहिलं होतं. स्वतःच्या गल्ल्याला ते लावायचं सुचलं नाही.

आता तुमच्यासाठी तो हिशोब मांडतो. समजा तुमचा माल वर्षात चार वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीला खर्च जाऊन आठ टक्के राहतात. म्हणजे धंद्यात फिरणारे तीन लाख वर्षाला ९६ हजार कमावून देतात. तेच तीन लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी कर्जाने घेतले तर हप्ता साधारण १०,२५० येतो आणि तीन वर्षांचं मिळून व्याज ६९ हजारांच्या आसपास जातं. म्हणजे "रोख घेतली, व्याज वाचवलं" म्हणणारा माणूस एका वर्षात त्याहून जास्त घालवून बसतो. फक्त ते कुठल्या पासबुकात दिसत नाही, म्हणून दुखत नाही.

याचा अर्थ कर्ज काढा असा लगेच घेऊ नका. हा हिशोब फिरणाऱ्या पैशाला लागू आहे. तुमच्याकडे दोन वर्षं पडून असलेला माल असेल तर तो आधी तोट्यात का होईना विका, गाडीचे अर्धे पैसे त्यातच सापडतील. आणि धंदा सुरू होऊन वर्षही झालं नसेल, महिन्याला किती येतात याचा भरवसा नसेल, तर दहा हजारांचा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नका. शिवाय जुन्या गाडीची दुसरी अडचण अशी की बँका गाडीचं वय आणि हप्त्यांची मुदत मिळून मोजतात, त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या गाडीला कर्ज मिळणं अवघड, आणि मिळालं तर व्याज जास्त. म्हणूनच सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त गाडी बरोबर गल्ल्यातून जाते. स्वस्त आहे म्हणून रोखीने घेता येते, आणि रोखीने घेतली म्हणून ती महाग पडते.

किमतीच्या वर आणखी वीस टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, हा माझा स्वतःचा नियम. सोळा इंची चार टायर, बॅटरी, बेल्ट, इन्शुरन्स यातच ते जातात. ते नसतील तर गाडी अजून तुमच्या बजेटमध्ये आलेली नाही.

अजून एक गोष्ट, आणि ती त्या मसालेवाल्या मुलाला सगळ्यात जास्त लागली. त्याला गाडी मालासाठी हवी होती. मागची सीट पाडली की इकोस्पोर्टमध्ये बरीच पोती बसतात, खरं आहे. मागचं दार मात्र वर न जाता बाजूला उघडतं. बाजारपेठेत मागे कोणी गाडी चिकटवून लावली की तुम्हाला माल काढता येत नाही. पण खरा मुद्दा इन्शुरन्सचा आहे. खासगी कारची पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" हा भाग वाचा. त्यात नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक वगळलेली असते. भाड्याने माल नेणं तर नाहीच. म्हणजे मसाल्याची पोती भरलेली गाडी पलटी झाली, तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो त्या पोत्यांचा काढणार. गाडीत दोन बरण्या सॅम्पल घेऊन दुकानदारांना भेटायला जाणं वेगळं, आणि आठवड्याचा पुरवठा करणं वेगळं. दुसऱ्या कामाला पिवळ्या पाटीचा छोटा हत्तीच लागतो. स्वतःचा नाहीतर भाड्याचा.

मी त्याला विचारलं, टेम्पोला किती देतोस? म्हणाला, मंगळवार आणि शुक्रवार, फेरीला बाराशे. महिन्याला नऊ फेऱ्या धरल्या तर दहा हजार आठशे. डिझेल त्याच्याकडे नाही, टायर नाही, ड्रायव्हर नाही. मग तीन लाखांत किती मिरची येते? हे त्याने माझ्यापेक्षा आधी सांगितलं. मार्चमध्ये लाल मिरची भरून ठेवायची असते, तेव्हा त्याच्याकडे कधीच पुरेसे पैसे नसतात आणि पावसाळ्यात तीच मिरची तो चढ्या भावाने घेतो.

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, चारचाकीने गेलं की दुकानदार जरा वेगळं बघतात हो."

हे मी हसण्यावारी नेलं नाही. बघतात, मलाही अनुभव आहे. गाडीतून उतरणाऱ्याला आत बसवतात आणि दुचाकीवाल्याला काउंटरवरून बोलतात. त्याची किंमत शून्य आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ती तीन लाख आहे का, ते मला नाही, त्याला ठरवायचं होतं.

जाताना पायरीवर थांबून हळूच म्हणाला, "पाच हजार विसार देऊन बसलोय सर. परत मागू का?" म्हटलं, माग, जास्तीत जास्त नाही म्हणतील. चार दिवसांनी फोन आला. गाडीवाल्याने तीन हजार परत दिले होते, दोन ठेवून घेतले. आणि त्याच फोनवर त्याने विचारलं, मिरची ठेवायला कोल्ड स्टोरेजचं भाडं कराडला किती आहे?